धडे तपासणारी

नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगचे धडे वेबसाइटवर टाकणाऱ्या मास्तरांचा एक नेम होता. प्रत्येक धडा आधी बायकोने वाचायचा. तिला प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. ती जिथे अडे, तेवढा भाग मास्तर पुन्हा लिहीत.

"अहो, शिकवताय की घाबरवताय?" ती विचारायची.

ती गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांनी कसाबसा एक धडा लिहिला आणि प्रोग्रामर मुलाला दाखवला. त्याने तो दोन मिनिटांत वाचला.

"सोपा आहे, बाबा. टाका बिनधास्त."

"कुठेच अडला नाहीस?"

"छे हो, मी कशाला अडतोय?"

वेबसाइटवर वाचक नवा धडा मागत होते. मास्तरांनी उत्तर लिहिलं, "धडे बंद करतोय. तपासणारी गेली."