मोठ्या लीगमधले नऊ दिवस

कॅनडातल्या केंब्रिजला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. एका एप्रिलच्या शेवटी आमच्या लाइनवर नवा माणूस आला. उंचापुरा, चौतीस वर्षांचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी कुणीतरी फोनवर त्याचं नाव शोधलं आणि लंचरूमभर बातमी झाली, की हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा होता. पार मोठ्या लीगपर्यंत पोचलेला.

त्याआधी त्या लंचरूममध्ये माझं बरं चालायचं. माझ्या नागपुरी इंग्रजीची मीच टिंगल करत सात वर्षांत मी तिथे जागा मिळवली होती. तो आला आणि सगळे त्याच्या टेबलावर गेले. मी डबा उघडला की "आज कुठली करी?" असं ओरडायचे, तेही बंद झालं. त्या चेष्टेचा मला राग यायचा. ती थांबली, तर त्याचा जास्त आला.

सीट उचलताना तो उजवा हात जपायचा. मी कारण विचारलं, तर त्याने बाही वर केली. कोपराच्या आत दोन लांब व्रण होते.

"दोन ऑपरेशनं झालीत. पुन्हा गेला, तर डॉक्टर म्हणतात, आता दुरुस्त व्हायचा नाही. मुलीकडे बॉल टाकतो, तोही डाव्या हाताने." मग हळूच म्हणाला, "बाकीच्यांना सांगू नकोस हं. कीव करतात लोक."

त्या दिवशी त्याने मला सगळं सांगितलं. अकरा वर्षं लहान गावांच्या संघांतून खेळला, बसमध्ये झोपला. मग एकदाचं मोठ्या लीगमधून बोलावणं आलं, ते नऊ दिवसांसाठी. त्यात तो एकदाच मैदानात उतरला. चार बॅट्समन समोर आले आणि चौघांनीही त्याचा बॉल फटकावला. संघाचा मॅनेजर अंघोळ करून टॉवेलवरच उभा होता. तसाच म्हणाला, "बॅग भर." त्याच उन्हाळ्यात कोपर गेलं.

मी मान हलवत ऐकलं. कुणाला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

जुलैमध्ये कारखान्याची पिकनिक होती. तिथे दरवर्षी पाण्याची एक मोठी टाकी आणायचे. टाकीवर फळी, फळीवर एक माणूस बसलेला. बाजूच्या लाल चकतीवर बॉल बसला की फळी सुटते आणि माणूस पाण्यात. वर बसणाऱ्याने समोरच्याला डिवचायचं, अशी पद्धत. त्या वर्षी मी स्वतःहून वर बसलो आणि माइक हातात घेतला.

"आपल्याकडे एक खरा पिचर आहे म्हणतात," मी म्हणालो. "कुठे लपलाय?"

तो बायको आणि मुलीबरोबर बाकावर बसला होता. त्याने हसून नको म्हटलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. दोघा-तिघांनी त्याला ओढून आणलं. त्याने डाव्या हाताने बॉल टाकला. तो चकतीच्या अलीकडेच पडला आणि हशा पिकला.

"नऊच दिवसांत का घालवलं, ते आत्ता कळलं!" मी माइकवर म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. लोकांचं हसणं थांबलं नव्हतं. त्याची मुलगी बाकावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने बॉल उजव्या हातात घेतला, गुडघा वर उचलला आणि टाकला. बॉल मला दिसलाच नाही. मी थेट पाण्यात.

वर आलो, तर लोक आरडाओरडा करत होते. तो गवतावर गुडघ्यांवर बसला होता, कोपर पोटाशी धरून. लोकांना वाटलं, आनंदाने बसलाय. पुष्कळ वेळ टाळ्या चालू राहिल्या.

परतताना गाडीत माझ्या बायकोने विचारलं, "त्याची बायको सांगत होती. तुम्हाला त्याच्या हाताचं माहीत होतं ना?"

"गंमत होती गं," मी म्हणालो.

तो कामावर लागून अजून तीन महिने झाले नव्हते, म्हणजे तो प्रोबेशनवर होता, त्याला केव्हाही काढता येत होतं. सीट उचलायला दोन हात लागतात. 'काम करण्यास असमर्थ' असं मलाच लिहून द्यावं लागलं. 'लागलं' म्हणतोय खरं, पण मी एकदाही मॅनेजरकडे जाऊन, त्याला बसून करायचं काम द्या, असं म्हटलं नाही. तसं काम होतं.

कामावरून काढल्याचं पत्र द्यायला मी त्याला ऑफिसात बोलावलं. उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मग का केलंस?"

मला उत्तर माहीत होतं. "मला वाटलं, तू नको म्हणशील," मी म्हणालो.

"म्हटलं होतं."

बाहेर पाऊस होता. त्याला एका हाताने जॅकेट चढवता येईना. मी पुढे झालो, तर तो मागे सरकला. जॅकेट खांद्यावर टाकून तो पार्किंगमध्ये गेला. तिथे त्याची बायको गाडी सुरू करून बसली होती. मी लाइनवर परतलो. त्याच्या जागी आलेल्या माणसाला काम शिकवायचं होतं.