बॉयलर खोलायला किती दिवस लागतात

ओमानातल्या मत्रहच्या बंदराजवळच्या एका जुन्या हॉटेलात मी एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळला. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, स्वयंपाकघरातली भांडी, लाँड्रीतल्या चादरी, सगळं त्याच्या वाफेवर चालायचं. बॉयलर डिझेलवर चालायचा आणि मी चहावर. उन्हाळ्यात खोलीच्या आत बाहेरपेक्षा जास्त गरम असे. भिंतीवर थर्मामीटर होता, पण मी तो बघत नसे. बघून काय थंड होणार होतं?

दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची, हे माझं मुख्य काम. तरुणपणी गावाकडे लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने एकच धडा दिला होता. तो म्हणे, "बॉयलरच्या वहीत खोटं लिहू नकोस. देवळात खोटं बोललास तर देव माफ करील. वाफ करत नाही." मी एकदा आळसाने मागच्या तासाचेच आकडे उतरवले, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत कानाखाली काढली. तो कान अजून त्याचा शब्द पाळतो.

गेल्या वर्षी मालकांनी बॉयलर काढून हीट पंप बसवायचं ठरवलं. कंपनीचा माणूस आला, टाय लावून, बॉयलरच्या खोलीत. त्याने सांगितलं की हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतं आणि पाण्याला देतं. ओमानात दुसरं काही नसलं तरी हवेत उष्णता आहे, हे मला पटलं. मग तो म्हणाला, "इसको आदमी नहीं लगता." हे त्याने माझ्याकडे बघून सांगितलं.

घरी, म्हणजे अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मी हे मुलीला सांगितलं. ती बारावीला. म्हणाली, "बाबा, इट्स अ फ्रिज. फक्त उलटा." एकोणीस वर्षांनंतर माझी जागा उलट्या फ्रिजने घेतली, हे ऐकून बायको हसली आणि मग उठून पासपोर्टांतल्या व्हिसाच्या तारखा बघू लागली. कारण माझी नोकरी म्हणजे माझा व्हिसा, आणि त्या दोघींचे व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेले. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. त्याआधी आम्हाला गाशा गुंडाळावा लागला असता तर तिचं वर्ष गेलं असतं. मला दुसरं काही नको होतं, फक्त मार्च हवा होता.

यंत्र बसलं ऑगस्टमध्ये. तीन महिने चाचणी, तोवर बॉयलर थंड करून राखीव ठेवायचा. तीन महिन्यांत यंत्राने एकदाही दगा दिला नाही तर बॉयलर भंगारात आणि माझी जागा खलास. यंत्र काही दगा देईना. शिवाय मागच्या बाजूने गार हवा सोडायचं. ज्या खोलीत मी एकोणीस वर्षं उकडून निघालो, तिथे मला स्वेटर आठवू लागला. नव्या यंत्राचीही वही मीच ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात स्वस्थ बसू देत नव्हते.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आम्ही दरवर्षी बॉयलरची पूजा करायचो. त्याच्या तोंडाला तांबडं कापड, त्यावर झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. आमचा चीफ इंजिनिअर ओमानी, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलणारा. तो दरवर्षी खोबरं-साखर खायला न चुकता यायचा.

या वेळी पूजा कोणाची करायची? बॉयलर थंड, पण जुना मानकरी. यंत्र नवं, पण चालतं तेच. मी दोघांची केली. यंत्राबद्दल मनात राग होता, पण खंडेनवमीला हत्याराशी भांडू नये. अडचण एवढीच की त्या यंत्राचं तोंड कुठलं ते कळेना. बॉयलरला दार असतं, आत ज्योत दिसते. हे म्हणजे नुसतं कपाट. शेवटी एका बाजूला भलीमोठी जाळी होती, तेच तोंड धरलं. कापड लावलं तर ते जाळीला असं चापून बसलं की मला वाटलं, यंत्राला आवडलं. मुलीने आदल्या संध्याकाळी बसून लांबलचक हार ओवला होता, तो वर घातला. नमस्कार केला आणि खोबरं वाटायला गेलो.

अकरा वाजता लाँड्रीचा सुपरवायझर धावत आला. हा वसईचा ख्रिस्ती, माझा जुना दोस्त. "अरे, पाणी गार येतंय! तुझा फ्रिज बसला!"

यंत्र बंद, तांबडा दिवा चालू. ते जाळीतूनच हवा ओढायचं आणि मी त्याचं नाक कापडाने बांधून वर हार घातला होता. जाळीच्या कडेला 'यहाँ कुछ न रखें' असा कागद होता. तो कंपनीच्या माणसाने सांगितलं म्हणून मीच लिहून चिकटवला होता. हाराखाली गेला होता.

मी कापड ओढून काढलं, पाकळ्या झटकल्या, यंत्र चालू केलं. पाऊण तासात पाणी गरम. पण मधल्या वेळात वरच्या मजल्यावरचे पाहुणे साबण लावून उभे होते. हॉटेलभर झालं, नवं मशीन फेल. मालकांच्या ऑफिसातून निरोप आला, कारण लिहून द्या. मशीनचा दोष असेल तर बॉयलर ठेवू.

दोस्त म्हणाला, "लिही, कारण माहीत नाही. अर्धं जग तेवढ्यावर चालतं. मी काय कापडबिपड बघितलं नाही."

मी वही उघडली. खोटं सांगत नाही, मला ते लिहायचं होतं. माहीत नाही, एवढे दोनच शब्द, आणि मुलगी परीक्षेला बसली असती. मी घाबरलो होतो, आणि यंत्रावर नाही, त्या मेलेल्या म्हाताऱ्यावर चिडलो होतो. मग लिहिलं, 'हवेच्या जाळीवर कापड आणि हार. ऑपरेटरची चूक. मशीन ठीक.' सही केली. दोस्ताने वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

चाचणी पास झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चीफने बोलावलं. वही त्याच्या टेबलावर होती.

"उस्ताद, बॉयलर खोलने में कितना टाइम लगेगा?"

"आठ दिन. गॅस कटर मिला तो पाँच."

त्याने डोळे मिटले. गाढवाशी बोलताना माणूस मिटतो तसे. "होटल में गॅस कटर नहीं चलेगा. गेस्ट को तकलीफ. हाथ से खोलना है, एक आदमी, बिना आवाज. अब सोच के बोलो. बेटी का पेपर कब खलास?"

मी सांगितलं, मार्चमध्ये.

"तो मार्च तक लगेगा," असं म्हणून त्याने कागदावर तसंच लिहिलं आणि माझ्यासमोर शिक्का मारला. "यल्ला, जाओ. और उस्ताद, रोज का काम वही में सच लिखना."

मी वही उचलून बाहेर पडलो. जिन्यात थांबून रडलो.

मग मी माझा बॉयलर खोलायला बसलो. 'आज पत्र्याचे चार स्क्रू काढले.' 'आज बर्नरचा एक बोल्ट सोडवला, तेल घातलं.' 'आज पाण्याच्या पातळीची काचनळी काढून पुसून ठेवली.' पाच महिन्यांत एक अक्षर खोटं लिहिलं नाही. रोज सकाळी आठला सुरू केलेलं काम साडेआठला संपत असे. मग मी त्याच्याजवळ स्टूल टाकून बसायचो. ज्याने मला पोसलं त्याला मी असा चिमूट-चिमूट खात होतो, आणि वाईट वाटे, पण मुलीचा अभ्यास होत होता. दोस्त मध्ये मध्ये डोकावून विचारायचा, "काय, आज किती जोर लावला?"

मार्चमध्ये शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, झाला. इझी होता."

मी बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि झाकणाचा शेवटचा नट काढला. पाना लागला नाही. तो नट जानेवारीपासून बोटानेच फिरत होता.