शेवटची सोळा पानं

जालन्याच्या स्टेशनरस्त्यावर जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. त्याचा विषय निघाला की आमच्या पिढीतले लोक हळवे होतात. मी नाही होत. माझं डोकं तापतं.

दुकान चांगलं होतं, हे आधी सांगून टाकते. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू. मराठी पुस्तक दिसायचं ते कुणी पुण्या-मुंबईहून आणलं तर. रेल्वेनं येणारे लोक वाचून झालेल्या, कागदी वेष्टणाच्या कादंबऱ्या तिथं टाकून जात. पैशांचा व्यवहार नव्हता. एक पुस्तक द्यायचं, एक न्यायचं. माहेरून आणलेल्या दोन कादंबऱ्या मी तिथं दिल्या आणि त्यांच्या जोरावर कितीतरी वर्षं वाचत राहिले. कधी पानांत सुकलेली शेवंती सापडे. एकदा समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मेला फसवणार हिला.’ ते लिहिणाऱ्या, कधी न पाहिलेल्या बाईवर माझा फार जीव जडला.

पण दुकानदाराचा एक कायदा होता. लोक फाटकं पंचांग देऊन चांगली कादंबरी नेत आणि पुन्हा फिरकत नसत. म्हणून त्यानं प्रत्येक कादंबरीची शेवटची सोळा पानं उसवून स्वतःपाशी ठेवली होती. गोष्ट घरी वाचा, शेवट दुकानातल्या बाकावर बसून वाचा, मग पुस्तक बदलून न्या. त्याच्या हुशारीचं गावभर कौतुक! त्या बाकावर बायका बसत नाहीत, तर त्यांनी शेवट कुठं वाचायचा, हा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही.

माझे यजमान अंबडच्या अदालतीत कारकून होते. गुरुवारी संध्याकाळी घरी येत, शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी ते माझं पुस्तक घेऊन दुकानात जात, शेवट वाचत, आणि घरी येऊन चहा पिता पिता मला सांगत. ‘‘तिला चूक उमगली. नवऱ्याची माफी मागितली. घरी आली.’’ झाली कादंबरी! पुढच्या शुक्रवारी दुसरी कादंबरी, दुसरी बाई, आणि तीही माफी मागून घरी.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. दुपारी त्या डाळ निवडत बसायच्या आणि मी मोठ्यानं वाचायची. एकदा त्या म्हणाल्या, ‘‘हीबी माघारीच आली? समद्या एकाच वाटंनं कशा येऊन राह्यल्या?’’ मीही लेखकांनाच नावं ठेवत होते.

मग ती कादंबरी आली. नवऱ्यानं घरात सवत आणलेली, आणि ही बाई ट्रंक घेऊन स्टेशनवर. हातात तिकीट, लांबून गाडीचा दिवा दिसतोय, आणि पानं संपली. आठवडाभर आम्हा दोघींना दुसरं काही सुचलं नाही. सासूबाईही तरुणपणी एकदा घर सोडून माहेरी, वडीगोद्रीला गेल्या होत्या. बापानंच बैलगाडीत घालून परत आणून सोडलं होतं. हे त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं.

शुक्रवारी यजमान दुकानातून आले. ‘‘गाडीत चढलीच नाही. परत आली.’’

‘‘तिकीट काढल्तं ना तिनं?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘मंग त्याचं काय झालं?’’

‘‘तिकिटाचं काय व्हायचंय, आई!’’

शनिवारी ते अंबडला गेले आणि सासूबाई मला म्हणाल्या, ‘‘जा, बघून ये. सैपाकाचं मी बघते.’’

दुकानात बाकावर तिघे पुरुष बसले होते. मी कादंबरीचं नाव सांगून तिचा शेवट मागितला. दुकानदार म्हणाला, ‘‘बाई, मालकाला पाठवा. हितं बाया बसत न्हाईत.’’

‘‘मी बसत नाही. उभ्यानं वाचते. पानं द्या.’’

‘‘बिलकुल न्हाई.’’

‘‘मग माझ्या दोन कादंबऱ्या परत द्या. मी दिल्या तेव्हा त्यांना शेवट होता.’’

त्यानं पानं काढून दिली. मी भर दुकानात, पदर डोक्यावर घेऊन, उभ्यानं सोळाच्या सोळा पानं वाचली. बाई गाडीत चढली होती. माफीचं नाव नाही. परक्या गावी मुलींच्या शाळेत नोकरीला लागली, खोली घेतली. पानं परत दिली आणि तरातरा घराकडं निघाले. म्हणजे आजवर सांगितलेले शेवट कुणाचे होते? लेखकांचे की आमच्या घरचे?

घरी येताच सासूबाईंनी विचारलं, ‘‘चढली?’’

‘‘चढली.’’

त्या परत चुलीपाशी गेल्या.

गुरुवारी यजमान आले तेव्हा मी सरळ म्हटलं, ‘‘अहो, ती बाई गाडीत चढली होती.’’

ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. ‘‘मालूम आहे मला. घरात नसतं खूळ नको, म्हणून सांगितलं नाही.’’

आठवडाभर साठवलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सासूबाईच आधी बोलल्या. लेकाकडं त्यांनी बघितलंही नाही.

‘‘सूनबाई, गाडीत खिडकीपाशी जागा भेटली का गं तिला?’’

पानांत तसं काही लिहिलेलं नव्हतं.

‘‘मिळाली,’’ मी म्हटलं.