खताच्या टाकीचा कॉक

ठिबकच्या नळ्या जोडणारा जीवराम तोंडाचा इतका कडू, की कोणी त्याला चहाला थांबवत नाही. त्याचं त्याला काही नाही.

बागायतदार हितेंद्रने तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या आपल्या केळीत मजूर बायका न्यायला लोखंडी नाव घेतली. रोज प्रत्येकीला प्यायच्या पाण्याचा कॅन वाहावा लागे, म्हणून नावेतच दोन टाक्या ठेवल्या आणि जीवरामपुढे पोतं उपडं केलं. काळी नळी, एल्बो, कॉक, सांध्यांना लावायच्या सफेद्याचा डबा.

"शेडमधलंच हाये, नाना. नवं कशाले आणा?"

जीवरामने कॉक ओळखला. आठ वर्षं त्यातूनच त्याने केळीला युरिया सोडला होता. नळ्या तुंबल्या की अ‍ॅसिडसुद्धा.

"हा खताच्या टाकीचा. यातून प्यायचं पाणी देतो? आन् सफेद्यात शिसं असतं. माह्या हातानं नाही होणार."

"धुतलंय म्हटलं ना."

"मंग तुह्या घरच्या टाकीले लाव. तुही माय पिईल."

"माय काढू नका. गावात दुसरे फिटर हायेत."

दुसऱ्याने तासाभरात काम उरकलं. संध्याकाळी जीवराम करवत घेऊन गेला आणि दोन्ही टाक्यांच्या नळ्या कापून आला. पुन्हा जोडल्या तर पुन्हा कापीन, असं हितेंद्रला तोंडावर सांगितलं.

आता बायकाही भडकल्या. जीवरामची बायको सुनंदाबाई त्याच नावेतून कामाला जाते.

"आमचं ओझं उतरलं ते पाहवलं नाही तुमाले," ती म्हणाली, आणि सकाळी भरलेला कॅन त्याच्या पायाशी आदळला. "घ्या. तुमीच न्या नावेत."

मागोमाग बाकीच्यांनीही आदळले. बावीस कॅन. जीवरामने दोन-दोन करत चिखलातून वाहिले. बायका नावेत बसून टोमणे मारत राहिल्या. एकीनेही हात लावला नाही, त्यानेही मागितला नाही. नाव तासभर उशिरा सुटली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही.

आठव्या दिवशी हितेंद्रने काठावर पिशवी फेकली. पिण्याच्या पाण्याची नवी नळी, स्टीलचे कॉक, रबरी वॉशर, टेफ्लॉन टेप.

"घ्या. झालं समाधान?"

जीवराम खाली बसला. एकेक तुकडा उलटापालटा करून नाकाशी धरला. वॉशरला सायकलच्या ट्यूबसारखा उग्र वास येत होता.

"हे वॉशर परत कर. पाण्याले वास लागेल," तो म्हणाला, आणि कॅन उचलायला वळला.