साडूभाऊ आणि आईंचा रंग

आमच्या साडूभाऊंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत पितात. सातपूरच्या कारखान्यातून सुटले की सरळ स्वतःच्या घरी जातील तर शपथ. आधी इंदिरानगरला आमच्याकडे डोकावणार, पिशवीतून दोन फोटो काढणार आणि विचारणार, यातला बरा कुठला?

दोन्हींत त्यांच्या आईच असतात. एक प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढलेली, दुसरी ऑनलाइन मागवलेली. आईंच्या पंच्याहत्तरीला हॉलमध्ये त्यांचा फोटो लावायचा, एवढीच बाब. पण तिने उन्हाळाभर सगळ्यांचा जीव खाल्ला. घरच्या प्रिंटमध्ये आई लालसर येत, शाई बदलली की हिरवट. ऑनलाइन प्रिंट कशी गुळगुळीत, झकास, पण तीत आई गोऱ्यापान. मग साडूभाऊ फोन लावून भांडत. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगे, की आमचं मशीन चेहरा आपोआप छान करतं. हे म्हणत, छान नको, आहे तशी द्या. प्रिंट घेऊन ते गच्चीवर उन्हात जात, ट्यूबलाइटखाली धरत आणि आई जेवत असताना त्यांच्या गालाशी नेऊन ताडून बघत. आई बिचाऱ्या घास तोंडात धरून थांबत.

एकदा मी वैतागून म्हणालो, जरा उजळ आल्या तर बिघडलं काय?

साडूभाऊ खुर्चीवर बसले. आईंना सासरी सगळे काळी म्हणूनच हाक मारत, हे मला तेव्हा कळलं. लग्नाच्या फोटोतही आईंच्या सासऱ्यांनी स्टुडिओवाल्याला सांगून त्यांचा चेहरा उजळ करून घेतला होता.

"आईचा खरा फोटो आमच्याकडे एकपण नाहीये हो," साडूभाऊ म्हणाले. "जो तो तिला पुसतच आला. मी नाही पुसणार."

मला फार वाईट वाटलं. पुढे आमच्या घरातलं कुणी त्यांना हसलं नाही.

पंच्याहत्तरीच्या आदल्या दिवशी घरच्या प्रिंटरवर तो रंग एकदाचा उतरला. काळाभोर, सतेज. आईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, मग अगदी डोळ्यांजवळ नेला. साडूभाऊ दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होते.

"अरे, ही तर माझी माय दिसते," आई म्हणाल्या.

त्यांच्या मायचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

आईंनी तो भिंतीवर लावू दिला नाही, उशाशी ठेवला. हॉलची भिंत अजून रिकामीच आहे, आणि साडूभाऊंनी दुसरी प्रिंट काढलेली नाही.