राउंडला सुजाता बोलली तेव्हा

आधीच सांगते, इथल्या धाग्यांवर "झोप नीट झाली नसेल", "ॲसिडिटी तपासून घ्या" असे खवचट प्रतिसाद लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. भूत, भास, पूर्वसूचना... माझा कशावरही विश्वास नव्हता आणि आजही ठेवायची इच्छा नाही. वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दोनदा तपासल्याशिवाय बॅच पुढे जाऊ देत नाही, लोक कटकटी म्हणतात, म्हणू देत. तेव्हा हे टाइमपास म्हणून वाचणार असाल तर इथेच थांबा. मला अजून राग येतो आणि तो मी लपवणार नाहीये.

सुजाता माझी धाकटी बहीण. सासर कोपरला, डोंबिवली वेस्ट. घरात नवरा निलेश, सासूबाई – त्यांना मी काकू म्हणते – आणि शाळेत जाणारी मुलगी. गेल्या वर्षी दिवाळी उरकली आणि सुजाताच्या पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या थांबेनात, पोट फुगलं. जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये नेलं. नाव लिहीत नाही, ॲडमिनना डोकेदुखी नको. खाली फरसाणचं दुकान आणि मेडिकल, वरच्या मजल्यावर हॉस्पिटल, आपल्याकडे असतात तसंच. जुन्या सिझेरियनमुळे आत आतडं चिकटून बसलेलं आणि त्याला पीळ पडलेला. लगेच ऑपरेशन करावं लागलं. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून काढला आणि दोन टोकं जोडली.

ऑपरेशनआधी मोठ्या डॉक्टरांनी धोके सांगितले होते, हे मान्य. जोड गळू शकतो, पोटात पू होऊ शकतो. ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं तर लगेच सांगायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कोणी सांगायचं? सगळी गोम तिथेच आहे.

काकू वाईट नाहीत. रात्री निलेश थांबायचा, पण दिवसभर त्या बाकड्यावर बसून असायच्या, सुजाताचे केस विंचरायच्या, पाय दाबायच्या. पण त्यांच्या घरात सुनेला कोणी काही विचारलं की उत्तर काकू देतात. भाजी कुठली आवडते, नोकरी का सोडली, दुसरं मूल का नाही, सगळ्याची उत्तरं काकूंकडे. आणि त्यात भर म्हणजे वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये "दुखतंय" म्हणायचं नाही, "बरं नाही" तर अजिबातच म्हणायचं नाही. जो येईल त्याला एकच उत्तर, "बरं आहे, छान आहे."

पहिले तीन-चार दिवस खरंच बरं होतं. श्वासाचा व्यायाम म्हणून ते तीन बॉलचं खेळणं देतात ना, ते सुजाता ओढायची. नर्सने धरून दोन पावलं चालवलीही. नाकातली नळी काढली. येईल तो "गॅस पास झाला का" विचारायचा आणि काकू वाढदिवसाची बातमी द्यावी तशा "झाला!" म्हणून सांगायच्या. मी रोज सकाळी ठाण्याहून आधी तिच्याकडे आणि मग ऑफिसला, असं चाललेलं.

मग एका सकाळी ती मला हळूच म्हणाली, "ताई, पोट जड वाटतंय गं. कालपेक्षा जास्त."

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "असं बोलू नये बाळा दवाखान्यात. बरं आहे म्हणायचं, मग बरंच वाटतं."

"काकू, बोलू द्या ना तिला," मी म्हटलं. "तिचं पोट आहे."

त्यावर निलेश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आई बघतेय ना सगळं."

आई बघतेय ना! हे वाक्य आठवलं तरी आजही माझं डोकं सणकतं. मी नर्सला सांगितलं, तिने "राउंडला डॉक्टरांना सांगा" म्हटलं. त्या दिवशी राउंड मी निघाल्यावर झाला. संध्याकाळी फोन केला तर निलेश म्हणाला, "डॉक्टर बोलले, ऑपरेशननंतर एवढं चालतं." मी विचारलं, सुजाताने स्वतः सांगितलं का? तर म्हणे, "आईने सांगितलं की बरं आहे."

दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि राउंडपर्यंत थांबले.

आता नीट लक्ष देऊन वाचा. सुजाताचा बेड खिडकीशी होता. डोक्याशी काकू उभ्या, उजव्या हाताला निलेश, डावीकडे मी. पायथ्याशी मोठे डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी हातात पेन घेतलेली ज्युनिअर डॉक्टर – पोरगीच होती, मूळची रायपूरची, नुकतीच इथे आलेली. सुजाताच्या तोंडावर वाफेचा मास्क होता, मशीन घुर्रर्र करत होतं. डोळे मिटलेले, चेहरा घामेजलेला. आदल्या संध्याकाळपासून ती धड बोललीच नव्हती, ओठ सुकून चिकटले होते. काकूंच्या भाषेत, "शांत झोपली होती."

"काय, कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं. बघत होते केसपेपरकडे.

"बरं आहे डॉक्टर," काकू म्हणाल्या. "रात्री छान झोप लागली."

"गुड. पल्स जरा फास्ट आहे, पण ठीक. आज पाणी, नारळपाणी चालू करू."

आणि तेव्हा सुजाता बोलली.

"नाही. बरं नाहीये. माझा डावा खांदा फाटतोय आणि पोट दगड झालंय. कोणीतरी ऐका."

पुटपुटणं नव्हतं ते. आजारी, बसका आवाजही नव्हता. गॅलरीतून मुलीला हाक मारते तसा तिचा खणखणीत, धडधाकट आवाज, अगदी माझ्या कानाशी. मी दचकून तिच्याकडे पाहिलं. मास्क जागच्या जागी होता. डोळे मिटलेले. मास्क पारदर्शक असतो, आतले ओठ दिसत होते. ते हललेही नव्हते.

मला वाटलं, गेलं माझं डोकं कामातून. पण तेवढ्यात ती ज्युनिअर डॉक्टर पुढे झाली आणि सुजातावर वाकून म्हणाली, "कब से? लेफ्ट शोल्डर कब से दुख रहा है?"

"कुठला शोल्डर?" मोठे डॉक्टर वैतागले.

"सर, पेशंट ने अभी बोला ना..."

"ती कुठे बोलली?" काकू म्हणाल्या. "झोपलीय ती!"

निलेश आमच्या दोघींकडे वेड्यासारखा बघत राहिला. म्हणाला, कोणीच काही बोललं नाही. शेजारच्या बेडवरच्या बाईंनाही मी नंतर विचारलं. त्यांनीही काही ऐकलं नव्हतं.

"मी ऐकलंय," मी म्हणाले. त्या पोरीने तोवर सुजाताच्या पोटावर हात ठेवला होता, आणि हात ठेवताच सुजाता मास्कच्या आत कण्हली. पोट फळीसारखं कडक होतं. पोरीचा चेहरा उतरला. ती डॉक्टरांना हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली, तर ते म्हणाले, "गॅसेस असतात. नातेवाइकांसमोर पॅनिक करू नका."

मग मी सुटले. काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. "हात न लावता तुम्हाला गॅसेस कळले? पेशंट कोण आहे, सासू की सून?" असं बरंच. फरसाणवाल्यापर्यंत आवाज गेला असेल. काकू "अगं मनीषा, चारचौघांत काय हे" म्हणत राहिल्या. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन करा, नाहीतर मी हिला उचलून नेते. निलेशला सही करायला लावली. तेव्हा कुठे तो हलला.

सीटीत दिसलं – जोड गळत होता. पोटभर घाण पसरलेली. त्याच दुपारी ॲम्ब्युलन्सने ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं आणि पोट पुन्हा उघडलं. तिथले सर्जन म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही बोलू शकलो नसतो.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. आयसीयू, व्हेंटिलेटर, पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड आणि त्याला लावलेली पिशवी, उघडी जखम, रोजचं ड्रेसिंग. पिशवी बदलायला ती स्वतः शिकली, मला जवळ बसवून. काही महिन्यांनी तिसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा आत गेलं. आज ती चालते, जेवते, थकते पण जगतेय. वाचली.

आता माझं काम. पुरावा.

जुने रिपोर्ट आणायला मी कोपरच्या त्या नर्सिंग होममध्ये गेले तेव्हा त्या ज्युनिअर डॉक्टरला खाली चहाला घेऊन गेले. माझं काही सांगायच्या आधी तिला म्हटलं, "पहले तुम बताओ. क्या सुना था?"

ती म्हणाली, "उन्होंने बोला – नहीं, ठीक नहीं है. बायाँ कंधा फट रहा है, पेट पत्थर हो गया है. कोई तो सुनो."

"हिंदीत?"

"हाँ, हिंदी में. मराठी मुझे अभी इतनी कहाँ आती है, दीदी?"

आमच्या सुजाताचं हिंदी म्हणजे "भैया, वो गवार निवडके दो". ती पोरगी म्हणाली, आवाज तिच्या अगदी कानाशी आला होता. ती उभी होती पायथ्याशी, मी उशाच्या बाजूला. एकच आवाज दोघींच्या कानाशी, दोघींच्या भाषेत. आणि खांद्याचं म्हणाल, तर पोटात घाण साचली की छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि दुखतं खांद्यात, हे मला तिनेच त्या दिवशी समजावलं. तोवर मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी मनाने रचलं म्हणाल, तर मी ते रचलं कशाच्या जोरावर?

मी सगळं तपासलं. औषधांची गुंगी? गुंगीत ती होती, आम्ही नव्हतो. दोघींना एकदम भास? एकाच मजकुराचा, दोन भाषांत? मशीनचा आवाज? मशीन "डावा खांदा" म्हणत नाही. दुसऱ्या कोणाचा सॅम्पल रिपोर्ट असा आला असता तर मी तो फेटाळला असता. हा फेटाळता येत नाही आणि मान्यही करवत नाही. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त देवाची कृपा वगैरे लिहू नका. मी चिडेन.

हे सगळं सुजाताला सांगायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. ती माहेरी राहायला आली तेव्हा दुपारी आम्ही दोघीच होतो, मी शेंगा सोलत होते आणि सांगून टाकलं. ती घाबरेल असं वाटलेलं. घाबरली नाही.

"म्हणजे तुम्हा दोघींनाच ऐकू आलं?" तिने विचारलं.

"हो. काकू तर तुझ्या डोक्याशी उभ्या होत्या. निलेश एवढ्या जवळ होता. त्यांना काहीच नाही. आम्हा दोघींना कशी काय हाक मारलीस गं तू?"

तिने माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि सोलली.

"मी तुम्हा दोघींना हाक नव्हती मारली, ताई," ती म्हणाली. "मी निलेशला हाका मारत होते. रात्रभर."