मार्कांच्या बोर्डावरचा तारा

लातूरला क्लासच्या ऑफिसात बसलं की किस्से शोधत जावं लागत नाही, ते आपणहून चपला काढून आत येतात. मी दहावी शिकलेली. माझं काम हजेरी आणि किल्ल्यांचं. पण गच्चीवर दुर्बीण आल्यापासून इतके किस्से साचलेत, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ही दुर्बीण रोबोट! संध्याकाळी स्वतःच छत उघडते आणि एकाच ताऱ्याचा उजेड मोजत बसते. त्या ताऱ्यापुढून त्याचा ग्रह गेला, की उजेड जरासा कमी होतो. फिजिक्सच्या शेख सरांनी मला हे बल्ब आणि माशी दाखवून समजावलं.

उजेडाचे आलेख काढायची जळकोटची आरती. पोरगी त्यात इतकी रमली, की टेस्टमध्ये मार्क घसरले. वडिलांनी बजावलं, "अजून एकदा मार्क पडले तर ट्रंक उचलून गावाकडं!" तेव्हापासून आरती आणि सर, दोघांचाही जीव टांगणीला.

*

पालक विचारायचे, "सर, ह्याच्यावर नीटला किती मार्क?"

"शून्य."

"मग एवढी उंच कशाला ठेवली?"

*

आमच्या संचालकांना बॅनरसाठी ग्रहाचा फोटो हवा होता. सर म्हणाले, "ग्रह दिसत नाही सर. उजेड कमी झाला, की तो आहे एवढंच कळतं."

"शेख, न दिसणारा टॉपर बॅनरवर कसा लावू?"

*

पहिल्या दिवशी छत उघडलं ते असं गडगडलं, की स्लॅब थरथरला. भूकंप पाहिलेली माणसं आम्ही! पळत रस्त्यावर. समोरच्या खालाजान धापा टाकत म्हणाल्या, "म्या गॅस बंद करून आले. तुम्ही काय आनलं?"

मी हाताकडं पाहिलं. हजेरीचं रजिस्टर!

*

पावसाचा थेंब पडला की छत आपोआप मिटतं. गल्लीनं हे हेरलं. छत मिटलं की सगळ्या बाया रात्री बाहेरच राहिलेल्या वाळवणाच्या मिरच्या उचलायच्या. एकदा सगळ्यांनी मिरच्या उचलल्या आणि आभाळ कोरडं ठणठणीत. सर वर जाऊन आले. "सेन्सरवर कबुतर शिटलं होतं."

खालाजान म्हणाल्या, "रेडिओच्या अंदाजापेक्षा बरं हाय तरी!"

*

मग तो रविवार. टेस्टचे आलेख मुलांच्या नावानिशी बोर्डावर लावायचं काम माझं. एका कागदाखाली आरतीचं नाव दिसलं, मी टाचला. तो ताऱ्याचा होता, हे कळेपर्यंत आरतीचे वडील रिकामी ट्रंक घेऊन बोर्डापुढं उभे!

"मधी पडली व्हती की!" ते आलेखावर बोट फिरवत म्हणाले. "पन उठली. सर, हितं काय झालतं?"

मी शेख सरांना डोळ्यांनी खुणावत होते. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एका पालकानं ताऱ्याबद्दल विचारलं म्हणून सर खूश!

"समोरून एक ग्रह गेला."

"म्या बायकोला तेच म्हनलं व्हतं! गेला का आता?"

"गेला. पण तीन दिवसांनी परत येतो."

वडील ट्रंकेवर बसले. "दर तीन दिसाला?"

"अगदी वेळेवर!"

ते ट्रंकेवरून उठले.

"मंग जळकोटला न्हेऊन काय उपेग? तिथं बी येनारच की!"

आणि रिकामी ट्रंक खांद्यावर टाकून स्टँडकडं निघाले.